तुझ्या गाडीचा धूर

मावशी, तुला 'तू' म्हणायला मला अख्खा एक हिवाळा लागला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी तुला 'अहो डॉक्टर' अशी हाक मारली होती. तू तिळगुळाचा डबा बाजूला ठेवलास आणि म्हणालीस, "डॉक्टर हॉस्पिटलात. इथे मी मावशी. आणि मावशीला अहो-जाहो करतात का गं तुमच्या नागपुरात?"

मी म्हटलं, "करतात कधीकधी."

"फ्रीमाँटमध्ये नाही करत," तू म्हणालीस, आणि विषय संपला.

तुला जाऊन दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझा फोटो फिरतोय, रेशमी साडीतला, ज्यात तू अजिबात तुझ्यासारखी दिसत नाहीस. खाली लोकांनी लिहिलंय की तू किती वर्षं भूल देणारी डॉक्टर होतीस, त्या काळी मिरजेहून एकटी कशी आलीस, तुझे यजमान वसंतकाका गेल्यावर मुलाला, समीरला, कसं वाढवलंस. सगळं खरं आहे. पण मला त्या सगळ्यात तू सापडेना. मला तू सापडतेस ती तुझ्या गाडीत, सीट पुढे ओढून, स्टिअरिंगला जवळजवळ चिकटून बसलेली.

काय गाडी होती ती! चॉकलेटी रंगाची, लांबलचक स्टेशन वॅगन. दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज यायचा. मागच्या मागे एक उलटं बाक होतं, त्यावर बसलं की तोंड रस्त्याच्या मागच्या बाजूला. माझ्या धाकट्या भावापेक्षा गाडी वयाने मोठी होती. ती तू स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या नावावर घेतलेली पहिली गाडी. त्याआधी घरातलं सगळं वसंतकाकांच्या नावावर होतं, कारण बँकेतला माणूस तुझ्याशी बोलताना काकांकडे बघायचा. हे तू मला हसत सांगितलं होतंस, पण दोनदा सांगितलं होतंस.

मी तेव्हा नवऱ्याच्या, निखिलच्या, व्हिसावर आले होते. मला काम करायची परवानगी नव्हती. निखिल सकाळी क्युपर्टिनोला ऑफिसला जायचा, आमची एकुलती गाडी त्याच्याबरोबर जायची, आणि मी टाउनहाउसच्या खिडकीत उभी राहून समोरच्या टाउनहाउसची खिडकी बघायचे. तू एकदा घरी आलीस, माझ्याकडे नीट बघितलंस, पेशंटकडे बघतात तसं, आणि विचारलंस, "गाडी येते?"

"नागपुरात स्कूटी चालवायचे."

"चल मग. चप्पल नको, बूट घाल."

रविवारी कॉलेजचं पार्किंग रिकामं असायचं. तिथे तू मला शिकवलंस. तू कधी ओरडली नाहीस. मी दिव्याच्या खांबाकडे जायला लागले की तू फक्त म्हणायचीस, "श्वास सोड. आता ब्रेक." तुझ्या बाजूला बसून मी घाबरू शकायचेच नाही. ज्या बाईने हजारो माणसांना ऑपरेशनच्या आधी 'दहापासून उलटं मोजा' म्हणून सांगितलं, तिच्या आवाजातच काहीतरी होतं. मला लायसन मिळालं त्या दिवशी निखिलने केक आणला. तू आली नाहीस. फोनवर म्हणालीस, "केक कसला? एकटी हायवेवर जाऊन ये, मग सांग."

मी गेले. आणि परत येताना तुझ्याच घरी आले.

मग दर दोन वर्षांनी तुझ्या गाडीची स्मॉगची वेळ यायची. गाडीच्या धुराची तपासणी करून घ्यायची, पास झाली तरच नोंदणी पुढे चालू. तुला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं, की धूर स्वच्छ करणारा जो भाग गाडीखाली असतो तो नीट तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून परीक्षेआधी गाडी पळवायची. आपण दोघी सिक्स-एटी हायवेला लागायचो, मिशनचा चढ चढून सुनोलच्या टेकड्यांपर्यंत जायचो आणि परत फिरायचो. हिरव्या, नाहीतर वाळून पिवळ्या पडलेल्या टेकड्या, उतारावर गाई, आणि तू मधल्या लेनमध्ये, कुणालाही न जुमानता. त्या फेऱ्यांमध्ये तू मला जे सांगितलंस ते बसल्याजागी कधीच सांगितलं नसतंस. पहिली रात्रपाळी कशी रडून काढलीस. समीर देशाच्या दुसऱ्या टोकाला, अ‍ॅशबर्नला, नोकरीसाठी गेला तेव्हा विमानतळावरून परत येताना तू एक्झिट चुकलीस आणि चुकत चुकत थेट समुद्रापर्यंत गेलीस. मी इराच्या वेळेला दिवस गेल्याचं आईच्या आधी तुला सांगितलं, तेही तिथेच, चढावर. तू फक्त एसी बंद केलास. चढाला इंजिनवर ताण येतो म्हणून की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

स्मॉगच्या दुकानात बलविंदरजी गाडी रोलरवर चढवायचे, मागे नळी लावायचे आणि चाकं जागच्या जागी फिरवायचे. तू काचेपाशी उभी राहून मॉनिटरकडे बघायचीस.

"आंटीजी, बैठ जाओ," ते म्हणायचे.

"मी पेशंट सोडून बसत नाही," तू मराठीत म्हणायचीस. त्यांना ते कसं कोण जाणे कळायचं.

आपलं भांडण याच गाडीवरून. भांडणच म्हणते, कारण तू त्याला चर्चा म्हणू द्यायची नाहीस. निखिलने बॅटरीवरची गाडी घेतली आणि मी तुला म्हटलं की आता तूही बदल, किती धूर सोडते तुझी. तू म्हणालीस, "मी आठवड्यातून तीनदा बाहेर पडते. लायब्ररी, भाजी आणि तू. तुमची ती गाडी चार्ज करायला वीज लागते, बॅटरीला खाणी लागतात. तुमचा धूर दुसऱ्याच्या गावात होतो, एवढंच."

"म्हणून तू इथे करायचा?"

"मी करते तो मला दिसतो तरी."

तुझी वर्गमैत्रीण सुमन लंडनला होती. तिची जुनी डिझेल गाडी शहरात काढली की रोज पैसे भरावे लागायचे, म्हणून तिने गाडी विकून टाकली. हे तिने तुला फोनवर सांगितलं तेव्हा मी तुझ्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते. फोन ठेवल्यावर तू माझ्यासमोरची अर्धी जुडी निवडायला घेतलीस. मग म्हणालीस, "तरुण होतो तेव्हा या देशांनी बोलावून घेतलं. आम्ही त्यांची माणसं झोपवली, उठवली. आता शहरात शिरायचं तर म्हणतात, तुमचं जुनं झालं."

"गाडीला म्हणतात गं. तुला नाही."

"मला फरक कळतो," तू म्हणालीस. पण तुझा आवाज तसा नव्हता.

आणि मग ते आगीचं वर्ष आलं. सगळीकडची जंगलं पेटली होती, आणि एका सकाळी सूर्य उगवलाच नाही. आकाश नारिंगी, दिवसा दिवे लागलेले, गाडीच्या टपावर राख. इरा सहा वर्षांची होती आणि तिला दमा होता. खिडक्यांना आम्ही ओले टॉवेल लावले होते. तू सकाळीच आलीस, पिशवीत बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन घेऊन, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याजवळून हलली नाहीस. तिला मांडीवर घेऊन तू तिच्याबरोबर श्वास घेत होतीस. आत, हळू. बाहेर, अजून हळू. मी खोलीच्या दारात उभी राहून बघत होते आणि मला प्रथमच कळलं की तुझं काम काय होतं.

दुपारी जरा बरं वाटल्यावर इराने विचारलं, "आजी, इज युअर कार लाइक द फायर?"

घरात त्या विषयावर इतकं बोलणं झालेलं तिने ऐकलेलं होतं. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी म्हणाले, "इरा, असं नाही बोलायचं."

तू मला हाताने थांबवलंस. इराकडे बघितलंस आणि म्हणालीस, "अ लिटल बिट. येस."

"ओके," इरा म्हणाली, आणि तुझ्या खांद्यावर झोपली.

त्यानंतरच्या तपासणीला आपण नेहमीसारख्या सुनोलपर्यंत जाऊन आलो. रोलरवर चाकं फिरली, आकडे आले, बलविंदरजींनी पुन्हा एकदा करून बघितलं. मग हात पुसत बाहेर आले. "आंटीजी, इस बार नहीं हुआ."

धूर स्वच्छ करणारा तो भाग बदलायला हवा होता, पण या गाडीसाठी तो आता कुणी बनवत नव्हतं. बाहेरून मिळत होता तो कॅलिफोर्नियात चालत नव्हता. तू दोन गॅरेजमध्ये विचारलंस. मंडळातले एक काका म्हणाले की त्यांच्या ओळखीचा एक जण आहे, तो पास करून देतो. तू त्यांना म्हणालीस, "मी आयुष्यभर मॉनिटरवरचे आकडे बघून औषध दिलं. खोटा आकडा दाखवणाऱ्याकडे कशाला पाठवता मला?" ते काका नंतर कित्येक दिवस तुझ्यासमोर आले नाहीत.

मग समीरचा फोन आला. मी तिथेच होते, तू स्पीकर लावला होतास. त्याच्या आवाजात किती उत्साह होता, आठवतं तुला?

"आई, लिसन. मी चेक केलं. इथे एवढ्या जुन्या गाडीला एमिशन टेस्टच लागत नाही. एक्झेम्प्ट आहे. आपण गाडी ट्रकवर घालून इकडे आणू. आणि तू पण ये. तू आणि तुझी गाडी, दोघी. प्लीज."

उत्तर बिनतोड होतं. गाडी राहणार, कायद्यात राहणार, आणि तू मुलाजवळ राहणार. आपल्या भांडणाचा यापेक्षा चांगला शेवट मला सुचला नसता, आणि मला तो नको होता.

तू म्हणालीस, "समीर, इथे इराच्या नाकात जाऊ नये म्हणून जो धूर बंद करायचा, तो तिथे नेऊन कुणाच्या नाकात घालू? तिकडे मुलं नाहीत का?"

"आई, इट्स वन कार."

"माझी आहे ना पण."

तो म्हणाला, "ओके. गाडी सोड. तू ये."

तू म्हणालीस, "बघू," आणि भाजीचं काहीतरी विचारून फोन ठेवलास. मी तुझ्याकडे बघितलं. माझंच वाक्य, माझ्यापेक्षा चांगलं करून, तू त्याला सांगितलं होतंस. म्हणजे माझं म्हणणं तुला पटलं होतं, की तू स्वतःच्याच जुन्या मुद्द्यात, दुसऱ्याच्या गावातल्या धुराच्या मुद्द्यात, अडकली होतीस? मी छेडलं असतं तर तू मान्य केलं नसतंस. मी छेडलं नाही.

सरकारच्या योजनेतून गाडी मोडीत द्यायची ठरली. अट अशी होती की गाडी स्वतःच्या चाकांवर यार्डापर्यंत आली पाहिजे, ओढून आणलेली चालणार नाही. ती अट तुला फार आवडली. तू स्वतः चालवलीस. मी शेजारी, इरा मागच्या उलट्या बाकावर. निखिल आमच्या गाडीने मागून येत होता आणि इरा पूर्ण एट-एटी हायवेभर त्याला हात हलवत होती. तू धुवून, पुसून आणली होतीस गाडी. मी म्हटलं, "मोडायलाच तर नेतोय." तू म्हणालीस, "म्हणून काय पारोशी नेऊ?"

यार्डात तू इंजिन चालू ठेवून खाली उतरलीस. बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर उभी राहिलीस. इरानेही ठेवला. मग आत वाकून तू किल्ली फिरवलीस आणि तिथल्या माणसाच्या हातात दिलीस. मला वाटलं होतं तू रडशील, मी रुमाल तयार ठेवला होता. तो मलाच लागला. तू म्हणालीस, "भूक लागलीय. डोसा खाऊ या." आणि दोन खाल्लेस.

तू दुसरी गाडी घेतली नाहीस. मी तुला न्यायला लागले. सुरुवातीला तू आमच्या बॅटरीवरच्या गाडीत अवघडून बसायचीस. "आवाजच नाही गं हिला. जिवंत आहे की नाही कळायचं कसं?" पण सवय झाली. आपल्या मंगळवारच्या फेऱ्या सुरू झाल्या: लायब्ररी, भाजी, तुझे डोळ्यांचे डॉक्टर. भांडण तसंच चालू राहिलं, फक्त आता तू शेजारच्या सीटवरून भांडायचीस. तीन वर्षं मला ते मिळालं, मावशी. तुझी गाडी गेली म्हणून मला मिळालं. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, 'म्हणजे माझी गाडी मोडल्याचा तुला आनंद झाला तर!' थोडासा झाला होता.

या वर्षी मार्चमध्ये, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून येताना, सिग्नलला गाडी थांबली होती. तू काळा चष्मा लावून समोर बघत म्हणालीस, "गणपती झाले की मी अ‍ॅशबर्नला जाते. राहायलाच."

मी तुझ्याकडे वळले. "समीर काही म्हणाला का?"

"तेच तर. विचारायचा थांबलाय तो. विचारत होता तोवर नाही म्हणायला बरं वाटायचं." मग म्हणालीस, "त्याला सांगू नकोस हं. तिकीट काढलं की मीच सांगेन. मला ऐकायचंय तो काय म्हणतो ते."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं मी. 'नको जाऊस' म्हणण्याचा मला हक्क नव्हता आणि 'जा' तोंडातून निघेना. मग उन्हाळाभर आपण दोघींनी तो विषय काढला नाही. तू भांडी वाटायला लागलीस, मी निमूटपणे घेत गेले. तुझी मोठी कढई माझ्याकडे आली, पुरणयंत्र आलं. आणि मग ती दुपार. जेवून आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. चारला चहाला यायची होतीस, आली नाहीस, म्हणून मी किल्ली घेऊन आले. तुझा चेहरा शांत होता. बाकीचं मी लिहीत नाही.

समीर दुसऱ्या दिवशी आला. सगळं त्याने नीट केलं, गुरुजींनी सांगितलेलं अक्षर अन् अक्षर. काल आम्ही दोघं तुझं गॅरेज आवरत होतो. सगळे खोके बाहेर काढल्यावर ते एकदम मोठं दिसायला लागलं. तो मध्येच थांबला, भिंतीला टेकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रश्मी, यू वेअर क्लोज टू हर. खरं सांग. तिला आमच्याकडे राहायचंच नव्हतं ना? गाडीचं वगैरे एक्स्क्यूज होतं. इट्स ओके. मला फक्त माहीत करून घ्यायचंय."

मावशी, तू सांगू नकोस म्हणाली होतीस. तुझं ऐकायचं म्हणून मी पाच महिने गप्प होते. पण त्याचा चेहरा तू बघितला असतास तर तूच 'सांग' म्हणाली असतीस. मी म्हटलं, "ती गणपतीनंतर येणार होती. राहायला. मला मार्चमध्येच सांगितलं तिने. तिकीट काढून तुला स्वतः फोन करणार होती. तू काय म्हणतोस ते तिला ऐकायचं होतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आई? म्हणाली असं?"

"भांडी वाटत होती ती. पुरणयंत्र माझ्याकडे आहे. बघ हवं तर येऊन."

तो पायरीवर बसला. तोंड हातात धरून, लहान मुलासारखा, आवाज करून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच उभी राहिले. खूप वेळाने त्याने नाक पुसलं, खिशातून फोन काढला आणि मला फोटो दाखवले. खालच्या मजल्यावरची एक खोली. पूर्वेची खिडकी, पलंग कमी उंचीचा, भिंतीत बसवलेलं छोटं देवघर, रिकामं. बाथरूममध्ये धरायला दोन दांड्या, एक शॉवरपाशी, एक कमोडपाशी.

"दोन वर्षं झाली करून," तो म्हणाला. "तिला सांगितलं नाही. चिडली असती. म्हणाली असती, मी काय म्हातारी झाले का?"

"म्हणालीच असती," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो, पहिल्यांदाच, तू गेल्यापासून.

ते फोटो मी माझ्या फोनवर घेतले आहेत. पलंगावर निळी चादर आहे, मावशी. खिडकीतून एक झाड दिसतं, कसलं ते त्यालाही माहीत नव्हतं. छान खोली आहे. तुला आवडली असती. मी तुला तिथे सोडायला आले असते, चार दिवस राहिले असते, तुझ्या डब्यांवर नावं घातली असती, आणि निघताना दारात उभी राहून रडत रडत तुला सांगितलं असतं की बरं केलंस आलीस ते.